बुरुजामागचा मावळा

काल टेबलावर लढाई मांडताना एका मावळ्याचा भाला मोडला. करंगळीच्या पेराएवढा धातूचा शिपाई, पण मी भिंगातून बघत त्याच्या मिशासुद्धा रंगवल्या होत्या. खेळायला आलेला मित्र म्हणाला, "काढ त्याला, दुसरा ठेव." माझा हात मात्र त्याला आपोआप टेबलावरच्या गडाच्या बुरुजामागे घेऊन गेला.

ही सवय ताईची. दिवाळीत आम्ही दोघं अंगणात मातीचा किल्ला करायचो, त्यावर हळीव पेरायचो. बाजारातले मातीचे मावळे किल्ल्याच्या दरवाजापेक्षा उंच असायचे, पण आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. दरवर्षी माळ्यावरून खोकं उतरवलं की कुणाचा तरी हात तुटलेला निघायचा. मी तो टाकायला निघालो की ताई ओरडायची, "टाकतोस काय? बुरुजामागे उभा कर. पहाऱ्याला दोन हात कशाला लागतात?"

आता माझ्या कपाटात काचेमागे फौजच्या फौज आहे, सगळी एका मापाची. तरी कालची लढाई मी हरलो. एकेक करत माझे सगळे पडले. मित्र हसत म्हणाला, "गड गेला तुझा."

बुरुजामागचा तेवढा अजून उभा होता. ताई असती, तर तिने गड गेला असं मानलंच नसतं.