तांदळातला डबा

शुक्रवारी सकाळी गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. इथं कतारात शुक्रवारची सुट्टी, त्यामुळं मुलगा घरातच होता, सोफ्यावर पाय पसरून. मी स्पीकर लावूनच बोलतो. मला तो फोन कानाला लावला की ऐकू येत नाही.

"दादा, तांदळात डबो गावलो," भाऊ म्हणाला. "दारू आसा रे ह्येच्यात."

दारू म्हणजे बंदुकीची. आमचं घर बंद करून मी इकडं आलो तेव्हा तांदळाचं पिंप तसंच राहिलं होतं. त्याला किडे लागले म्हणून भावानं ते अंगणात उपसलं, तर तळाशी फडक्यात बांधलेला डबा. तो घाबरला होता. त्याचं म्हणणं, परवाना गेला, बंदूक गेली, आता ही दारू घरात सापडली तर पोलीस दादाला धरायला कतारला जाणार नाहीत, मलाच धरतील. सुट्टीला त्याचे नातू येणार होते, त्यांचीही त्याला काळजी.

मुलगा ताडकन उठून बसला. बाबा, असलं फोनवर बोलू नका म्हणाला. आपण परक्या देशात आहोत. मग स्वतःच फोन हातात घेऊन काकाला सांगायला लागला की खाडीत फेकून दे, आत्ताच. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि भावाला म्हटलं, डब्याला हात लावायचा नाही. मी सांगेपर्यंत नाही. आणि फोन ठेवला.

मुलगा बराच वेळ बोलला. बंदूक नाही, दारू कशाला. जुनी झाली असेल, काय भरवसा. पोराचं खोटं नव्हतं. तो हमद पोर्टवर कामाला आहे, तिथं कुठला माल कशाजवळ ठेवायचा नाही हे बघणं त्याचं रोजचं काम. माझ्याकडं उत्तर होतं, पण ते मुलाला सांगण्यासारखं नव्हतं.

ती दारू त्याच्या आईनं वाळवलेली होती.

आमच्याकडं शेतीच्या राखणीची बंदूक होती, एकनळी, माझ्या बापापासूनची. माकडं आणि रानडुकरं एका रात्रीत भाताचं वाटोळं करतात. काडतुसं पितळी, उडवली की परत भरायची. बायको लग्न होऊन आली तेव्हा ती भरायचं काम माझं होतं. वर्षभरात तिनं ते माझ्याकडून काढून घेतलं. माझा हात जड, कधी जास्त पडायची, कधी कमी. ती मिठाच्या चमच्यानं मापायची आणि तिचं काडतूस कधी फुसकं निघालं नाही. बूच नारळाच्या सोडणाच्या काथ्याचं, वर मेणाचा थेंब. शेजारचे म्हणायचे, याची बायको भाकऱ्या थापते तशी काडतुसं भरते. तिला ते आवडायचं, पण दाखवायची नाही.

आमच्या कोकणात पावसाळ्यात मीठ पाझरतं, कपाटात चामड्याच्या वहाणांना बुरशी येते. तिथं दारू कोरडी ठेवणं सोपं नाही. लोक माळ्यावर ठेवायचे, कोण चुलीच्या वर टांगायचे, कपाळ त्यांचं. आमची ही डबा तांदळात पुरून ठेवायची. आट्यांच्या झाकणाचा ॲल्युमिनियमचा डबा, झाकणाच्या कडेनं मेण, वरून फडकं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओरडलो, खायच्या तांदळात दारू? ती म्हणाली, "तांदूळ पानी ओढून घेतत. माणसांपेक्षा शहाणे ते."

दसऱ्याला बंदुकीची पूजा व्हायची आणि त्याच दिवशी दारूची परीक्षा. सकाळीच चूल विझवायची. सुती लुगडं नेसून ती सुपात दारू पसरायची, वारा असेल तिथं, सावलीत. मला खळ्यात, म्हणजे अंगणात, थांबायची परवानगी नसायची. "बिडी ओढूची आसात तर भावजींच्या घराकडे जावा," म्हणायची. "त्येंचा घर उडाला तर चलात."

मग डबा भरून, मेण लावून, लांब ठेवून झाला की विहिरीजवळच्या कातळावर पांढरा कागद ठेवायची, कोरा. त्यावर चिमूटभर दारू. लांब काठीला वात बांधून ती पेटवायची. चांगली दारू क्षणात जाते आणि कागद तसाच राहतो, जळत नाही, काळा पडत नाही. ओल लागलेली असेल तर ती फुसफुसते, कागदावर काळं राहतं, भोक पडतं. कागद उचलून ती उन्हात धरायची आणि मला दाखवायची. बघा. एवढंच म्हणायची.

असाच एक दसरा झाला आणि शिमग्याआधी ती गेली. त्याला आता दोन पावसाळे झाले. बंदूक मी पोलीस ठाण्यात जमा केली, भरलेली काडतुसं दिली. तांदळात हात घालायला माझं मन झालं नाही. तिची लुगडी बहिणींनी नेली. तिनं कुटलेला मसाला मी इथं घेऊन आलो होतो तो खाऊन संपला, शेवटी शेवटी सून आमटीला अर्धाच चमचा घालायची. तिनं हातानं केलेलं अजून न संपलेलं काही असेल तर तो डबा. म्हणून माझा जीव त्याच्यात.

संध्याकाळी मी समुद्रावर गेलो. आम्ही वकऱ्याला राहतो, इथल्या किनाऱ्यावरच्या गावात, होड्या लावतात तिथून जवळ. दिवसभर घरात एसी आणि टीव्ही. सून कामावर, नात इंग्रजीत. मी मराठीत बोललेलं तिला कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते, मग मला कळत नाही. त्यामुळं ऊन उतरलं की मी बाहेर पडतो. तिथं एक कतारी म्हातारा घडीची खुर्ची टाकून बसलेला असतो, ड्रायव्हर गाडीत. त्याला मोडकंतोडकं हिंदी येतं, घरातल्या ड्रायव्हर-आचाऱ्यांकडून शिकलेलं. माझंही हिंदी तसलंच. त्यामुळं आमचं जमतं. बहुतेक वेळ आम्ही काही बोलत नाही.

त्या दिवशी मी त्याला विचारलं, बारूद कितना साल चलता है. कारण मला ठाऊक होतं, तरुणपणी तो वाळवंटात तंबू ठोकून शिकारीला जायचा आणि आपली काडतुसं आपणच भरायचा. तो हसला. मग त्यानं त्याची गोष्ट सांगितली. त्याच्याकडं बिनधुराच्या दारूचा एक डबा राहिला होता, सीलबंद, गोदामात. गोदामाचा एसी बंद पडला आणि दोन उन्हाळे तसेच गेले. उघडला तर आत लाल धूळ, आणि वास आंबट, सिरक्यासारखा. नाकच सांगतं म्हणाला. तेव्हापासून घरात ठेवली नाही.

मी म्हटलं, आमची तशी नाही. आमची काळी, जुन्या पद्धतीची. ती उन्हानं खराब होत नाही, नुसतं पाणी लागता कामा नये. कोरडी राहिली तर नातवाला पुरते.

"बंदूक किधर है?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं, सरकारजमा.

"तो बारूद किसके लिए?"

मी म्हटलं, मेरी औरत का है. वो नहीं है अभी.

त्यानं थर्मासातनं छोट्या कपात कावा, त्यांची बिनदुधाची कॉफी, ओतून दिला, एक खजूर हातावर ठेवला. मग म्हणाला, "उसने सूखा रखा कि नहीं, वो देखो. फिर खलास करो. भाई को डर में मत रखो."

हे मला मुलगाही सांगत होता. पण मुलगा फेक म्हणत होता. हा बघ म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी मी भावाला व्हिडिओ लावायला सांगितलं. इकडं फोन नातीनं धरला, कारण माझा हात हलतो. मुलगा मागं उभा राहिला, हाताची घडी घालून, पण उभा राहिला. भावानं विहिरीजवळच्या कातळावर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला. मी म्हटलं, छापील नको, कोरा आण. तो कुरकुरला, कोरा कागद या घरात कोण ठेवतो म्हणाला. मग कुठून तरी वहीचं पान फाडून आणलं. त्याच्यावर रेघा होत्या, म्हटलं चालेल. डबा घराच्या मागं ठेवून यायला लावला. बिडी खिशात आहे का विचारलं. आहे म्हणाला. ती आधी घरात ठेवून ये. त्यानं मला एक शिवी दिली आणि ठेवून आला.

मग काठी, वात. फोन भावजयीनं लांबून धरला होता, चित्र हलत होतं. नातीनं मला काहीतरी विचारलं, त्यातलं आजी तेवढं समजलं. मी हो म्हटलं.

फक्क झालं. पांढरा धूर वर गेला, वाऱ्यानं आंब्याकडं वळला. संपलं.

भाऊ वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मला वाटलं, भोक पडलं.

"दादा," तो म्हणाला, "कागद करपाक नाय." आणि कागद उचलून उन्हात धरला, अगदी ती धरायची तसा. त्यानंही ते कधीतरी कुंपणापलीकडून बघितलं असणार. निळ्या रेघा तशाच दिसत होत्या.

मागून मुलाचा हात माझ्या खांद्यावर आला. मी म्हटलं, आता बादलीत पाणी घे. सगळी ओत त्यात, लांब काठीनं ढवळ, विरघळेपर्यंत. रात्रभर राहू दे. मग माडाला घाल, सोरा असतो त्यात, माडाला बरा.

"खंयच्या माडाक?"

"भांडी घासायच्या जागेजवळच्या."

तिथं ती खरकटं पाणी टाकायची. भावाला सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी समुद्रावर म्हातारा होता. मी त्याच्या शेजारी कट्ट्यावर बसलो.

"सूखा था," मी म्हटलं.

"अल्हम्दुलिल्लाह. खलास?"

"खलास."

त्यानं कावा ओतला. आम्ही होड्यांवरचे दिवे लागेपर्यंत बसलो, मग त्याचा ड्रायव्हर आला आणि मी घरी निघालो.