माझं बोट आणि वीस बाजूंचा फासा

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना आमच्या साडूंनी अर्धा कप स्वतःच्या शर्टावर ओतून घेतला होता. गाढवपणा सगळा माझाच आहे, तेव्हा हसायला हरकत नाही. पण त्याआधी माझ्या बोटाबद्दल दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील.

हे बघा, उजव्या हाताचं. चौतीस वर्षं मी इथल्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होतो. मशीनवरून उतरलेल्या मालाच्या काठावर धातूचा एखादा टोचरा कण राहून जातो, त्याला 'बर' म्हणतात. डोळ्याला दिसत नाही. पण माझं बोट फिरलं की सापडलाच! रिजेक्ट! मी येताना दिसलो की लोक माल टेबलाखाली सरकवायचे. घरीसुद्धा मी ताटाच्या काठावरून बोट फिरवतो. आमची ही म्हणते, "आधी जेवा, मग रिजेक्ट करा."

तर इथं हिंदी मुलखात, घमापूर मोहल्ल्यात, आमच्या वरच्या मजल्यावर मीनल राहते. वय सत्तावीस, बँकेत नोकरी, जन्मापासून दिसत नाही, आणि बोलण्यात कुणाच्या बापाला ऐकणार नाही. दर रविवारी तिचे चार मित्र-मैत्रिणी जमतात आणि एक खेळ खेळतात. टेबलाभोवती बसून सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची. राक्षस, किल्ले, जादूगार, काय वाट्टेल ते! तलवार लागली की हुकली, ते मात्र फासा ठरवणार. आणि फासा म्हणजे आपला सहा बाजूंचा नाही बरं, चांगला वीस बाजूंचा!

एकदा जिन्यात बसून ती मला म्हणाली, "काका, माझा फासा दुसरेच वाचून सांगतात. आणि आजकाल मला फारच वीस पडून राहिले. मी नुसती जिंकूनच राहिली. समझ रहे हैं ना?"

समजलो की! पोरं दया करत होती.

"मला हरायचं आहे काका. पण माझ्या फाशानं, मी स्वतः वाचून."

खोटं नाही सांगत, हे ऐकून मला भरून आलं.

मग तिनं बेत सांगितला. बोटानं वाचता येतील असे फासे बनवायचे, तिच्यासारख्या सगळ्यांसाठी. इंटरनेटवर आधी लोकांकडून पैसे मागायचे. ठरलेली रक्कम मुदतीत जमली तर फासे बनणार, नाही जमली तर ज्याचे त्याला परत आणि बेत बंद.

"अगं, ही तर गणपतीची वर्गणी!" मी म्हटलं. "फक्त इथं मूर्ती मागून येते."

मुदत रविवारी संपणार होती आणि गाडी अर्ध्यावर अडकली होती. म्हणून मीनलनं ठरवलं, रविवारी फोनवरून लाइव्ह खेळून दाखवायचं. त्यासाठी नमुन्याचा एकच पितळी फासा सराफ्यातले कारागीर मुन्नालालजी यांच्याकडे बनवायला टाकला होता. तो आणायचा कुणी?

"मी आहे ना!" मी म्हणालो. माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे याच तीन शब्दांनी सुरू झालेत.

शनिवारी कमानिया गेटची गर्दी तुडवत सराफ्यात पोचलो. मुन्नालालजींनी डबी हातात ठेवली आणि म्हणाले, "भाईसाहब, पंद्रह दिन आँखें फोड़ी हैं इस पर। हाथ मत लगाना, सीधे बिटिया को दे देना।"

हात लावू नका? अहो, चौतीस वर्षांत ज्या ज्या माणसानं मला हे सांगितलं, त्याच्या मालात खोट निघाली! घरी येऊन चप्पल काढायच्या आधी डबी उघडली.

फासा देखणा होता. प्रत्येक बाजूवर ठसठशीत, उठावाचा इंग्रजी आकडा. वा! पण बोट फिरवलं आणि माझं डोकंच फिरलं. आकड्याच्या शेजारी दाणे! दुसऱ्या बाजूवर दाणे! वीसच्या वीस बाजूंवर टोचरे, बारीक दाणे! पंधरा दिवस लावून माणसानं हा असा माल द्यावा?

आता तुम्ही म्हणाल, काका, ते ब्रेल नव्हतं का? अहो, मला ब्रेल माहीत होतं ना! एका प्रदर्शनात मी ब्रेलचं पान पाहिलं होतं. जाड कागदाला टोचून पाडलेली भोकं. ब्रेल म्हणजे भोकं, विषय संपला! मी ते पान उलट्या बाजूनं पाहिलं होतं, हे मला मागाहून कळलं. मीनलनं मला तीनदा समजावलं होतं म्हणे. पण तेव्हा मी तिला बर म्हणजे काय ते समजावत होतो.

काढली कानस, बसलो अंगणात.

"अहो, काहून घासून राहिले ते?" बायको बाहेर आली. "तिनं सांगितलं का तुम्हाला?"

"तुला नाही समजणार. कारागिरानं बर सोडले आहेत."

"मग तिला विचारा तरी एकदा!"

"इन्स्पेक्टर कधी गिऱ्हाइकाला विचारतो का?"

दोन तास बसून एकूण एक दाणा उडवला. वरून पॉलिश मारलं. फासा लोण्यासारखा झाला! डबी बंद केली आणि मीनलला निरोप दिला, "उद्या सगळ्यांसमोरच उघडू, शोभा येईल."

आली ना शोभा! रविवारी संध्याकाळी वर सगळे जमले. मैत्रिणीनं फोन धरला. कुठून कुठून लोक बघत होते. मीनल छान बोलली, अगदी मोजकं. मी डबी उघडून फासा तिच्या तळहातावर ठेवला. तिनं टाकला, हळूच बोट लावलं. मग दुसरं बोट. मग फासा उचलून सगळीकडून चाचपला.

"काका, याच्यावरचे दाणे कुठं गेले?"

"काढले ना मी!" मी छाती फुगवून फोनकडे पाहिलं. "एकूण एक! एक नाही सोडला!"

मीनलनं फासा अलगद टेबलावर ठेवला.

"काका," मीनल सावकाश म्हणाली, "तेच ब्रेल होतं."

बाप्पा! धरणीनं पोटात घ्यावं, तर आम्ही पडलो वरच्या मजल्यावर. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मी? मी वाद घातला!

"पण आकडे आहेत ना उठावाचे! बोटानं आकडा वाच की!"

"आकडे दिसणाऱ्यांसाठी आहेत काका. बोटाला त्याचं वर-खाली कुठं कळते?"

"काहून नाही कळत? माझ्या बोटाला केससुद्धा कळतो!"

"अच्छा? चलो, मग तुम्हीच वाचा."

तिनं स्वतःच्या ओढणीनं माझे डोळे बांधले. फासा टाकला. मी बोट ठेवलं, फिरवलं, नीट खात्री केली आणि इन्स्पेक्शनच्या खणखणीत आवाजात निकाल दिला,

"एक्क्याण्णव!"

दारातून बायकोचा आवाज आला, "अहो, वीसच्या पुढं आकडाच नाही त्याच्यावर!"

सोळा होते. इंग्रजी 16, माझ्याकडून उलटे.

जे हसले, ते हसले! मीनल तर हसता हसता खुर्चीवरून घसरली. मग डोळे पुसून फोनकडे वळून म्हणाली, "देखा आपने? याच्यासाठीच पाहिजेत दाणे!"

यापेक्षा चांगली जाहिरात कुणी केली असती का? तो तुकडा लोकांनी एकमेकांना पाठवला आणि मुदत संपायच्या आत वर्गणी पुरी! कितीतरी जणांनी खाली लिहिलं होतं, 'एक्क्याण्णववाल्या काकांसाठी.' मला वाटलं, आता सत्कार होणार. सत्कार कसला! बायकोनं कानस लपवली आणि मुन्नालालजींनी निरोप पाठवला की भाईसाहब सोडून दुसऱ्या कुणालाही पाठवा.

नवा फासा आला. मीनलनं टाकला, बोट लावलं, आणि ओरडली, "एक! काका, एक पडला!" सगळ्यात खालचा आकडा. तिची तलवार हुकली, राक्षसानं तिला गिळलं, आणि ती टाळ्या पिटत होती. एवढी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

आता फासे बनून येतात, आणि मला मीनलनं कामावर ठेवलं आहे बरं! इन्स्पेक्शनलाच! प्रत्येक फाशावरून पहिलं बोट माझं फिरतं. माझी सवय काही गेली नाही. दाणा लागला की तोंडातून निघतंच, "टोचतंय! रिजेक्ट!"

ते ऐकलं की मीनल फासा डबीत टाकते आणि म्हणते, "पास. पुढचा द्या काका."