मामींना सांगू नका

माझ्या बायकोच्या मामांइतका गुपित राखायला नालायक माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि अशा माणसानं वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी हेरकथा लिहिली. मामांच्या तोंडात तीळ भिजत नाही. मुलगी पसंत आहे हे मी माझ्या घरी सांगायच्या आत औरंगाबादच्या गारखेड्यात मामांच्या दूधवाल्याला ठाऊक झालं होतं, आणि त्यानं भर रस्त्यात सायकल थांबवून माझं अभिनंदन केलं होतं. मामा सरकारी कचेरीत होते तेव्हा 'गोपनीय' असा शिक्का मारलेली फाईल त्यांच्या टेबलावरून जाऊ द्यायची नाही, असा तिथला अलिखित नियम होता. त्यात त्यांचा हेतू कधीच वाईट नसे. आपल्याला एखादी छान गोष्ट कळली आहे आणि समोरच्या बिचाऱ्याला ती अजून माहीत नाही, हे त्यांना बघवतच नाही.

कादंबरीचं नाव 'उपरण्याखालचा हात'. ती घडते पाचोडच्या बैलबाजारात. तिथले जुने दलाल तोंडानं सौदा करत नसत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे खेटून उभ्या असलेल्या माणसालाही पत्ता लागत नसे. मामींचे वडील या बाजारातले नावाजलेले दलाल. मामांनी आपल्या सासऱ्यांना उचललं आणि सरळ सरकारी हेर करून टाकलं. देशाशी दगाबाजी कोण करतंय ते शोधायचं, संशयित पाच. पहिला स्टेशनमास्तर, दुसरा कापसाचा व्यापारी, तिसरा गुरांचा डॉक्टर, चौथा पोस्टमास्तर आणि पाचवा कीर्तनकार. शेवटच्या प्रकरणात एक जखमी हेर नायकाच्या हातावर उपरणं टाकतो आणि तीन बोटं दाबून प्राण सोडतो. म्हणजे गुरांचा डॉक्टर. मी शेवट फोडला म्हणून रागावू नका. मला तर मामांनी तो मी दारात चपला काढत असतानाच सांगितला होता.

फक्त एका माणसाला हा शेवट कळू द्यायचा नव्हता, आणि ते माणूस म्हणजे मामी. मामी वाचनालयातून रहस्यकथा आणतात आणि दहाव्या पानावर गुन्हेगार सांगून भाजी फोडणीला टाकायला उठतात. मामांनी त्यांच्यासाठी आणलेली साडी कधी अचानक म्हणून घरी आली नाही, कारण मामा दुकानातूनच फोन करून काठाचा रंग सांगत. "जावईबापू," ते मला म्हणाले, "चाळीस वर्षांत तिला एकदाबी चकित केलं नाय मी. एकदा, फक्त एकदा तिनं 'अगं बाई' म्हणलं पाहिजे. त्यासाठी लिहिलंय हे सगळं. बाकी लोकांनी वाचलं तर वाचलं." हे बोलताना त्यांचे डोळे इतके चमकत होते की मला हसायचं धाडस झालं नाही.

मग सुरू झाली गुप्तता. हस्तलिखित मामांनी गव्हाच्या कोठीत लपवलं. त्या कोठीतून मामी दर आठवड्याला दळणाचे गहू काढतात, तेव्हा कापडात बांधलेलं तीनशे पानांचं गाठोडं त्यांच्या हाताला कसं लागत नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. गाठोडं छापायला गेलं ते लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये. प्रेसवाल्याची आयुष्यभराची सवय. पहिल्या प्रुफात परदेशी हेर बाईच्या नावामागं 'चि. सौ. कां.' लागून आलं. त्यापुढं काम रखडलं, तेव्हा मामींनीच प्रेसवाल्याला रोज फोन करून सळो की पळो करून सोडलं. "आत काय लिहिलंय मला नाय ठाऊक, पण दिवाळीच्या आत झालं पाहिजे," असं त्या त्याला दटावत. एवढी घाई कशाला, असं आम्हाला वाटे.

पुस्तक हाती आल्यावर मामांनी प्रचाराची मोहीम काढली. पाचोडच्या आठवडी बाजारात दोरखंडवाला आणि कांद्याचं बी विकणारा यांच्या मधोमध त्यांनी सतरंजी अंथरली. मी पिशव्या धरून शेजारी. एका शेतकऱ्यानं पुस्तक चाळलं, मुखपृष्ठावरचा बैल निरखून पाहिला आणि विचारलं, "लई भारी. पर शेवटाला कोण निघतो?" मामांनी ओठ घट्ट मिटले, कपाळाला घाम आला. मला वाटलं, जिंकले आज. तेवढ्यात भस्सकन निघालं, "गुरांचा डॉक्टर!" शेतकऱ्यानं पुस्तक खाली ठेवलं. "मग वाचायचं कशाला?" म्हणून तो निघाला, तर मामा त्याच्यामागं धावले आणि त्याचा हात धरून कळवळून म्हणाले, "पण आमच्या मंडळींना सांगू नका!" त्या गृहस्थानं मामींना जन्मात पाहिलेलं नव्हतं; तरी त्यानं गळ्याची शपथ घेतली.

दिवाळी आली तोवर सगळ्या गारखेड्याला शेवट पाठ झाला होता आणि सगळा गारखेडा मामींपासून तो लपवत होता. मामी भाजी घ्यायला गेल्या की गप्पा बंद पडत. शेजारचे सलीमचाचा, हे स्वतः एकेकाळचे बैलांचे दलाल, मला हसत हसत म्हणाले, "मामींकू छोडके सारे औरंगाबादकू मालूम है. ऐसी जासूसी मैं जिंदगीमें नहीं देखा." या सगळ्या धांदलीत मामा थोडे विसरभोळे झाले होते. चष्मा फ्रिजमध्ये सापडे, मला मधूनच स्वतःच्या भावाच्या नावानं हाक मारत, चहा पिऊन झाल्यावर "चहा नाय झाला अजून?" म्हणून विचारत. लेखक माणूस, असं व्हायचंच, म्हणून आम्ही कौतुकच केलं.

प्रकाशन कॉलनीच्या सभागृहात झालं. पाहुणे म्हणून आलेले निवृत्त फौजदार भाषणात रंगले आणि म्हणाले, "हा जो गुरांचा डॉ..." त्याबरोबर सभागृहातली दीडशे माणसं एकदम खोकली. सलीमचाचा तर इतके खोकले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मामी शांत बसून होत्या. मग मामा शेवटचं प्रकरण वाचायला उभे राहिले. मी मामींच्या शेजारी होतो. मामांना सत्कारात मिळालेली शाल त्यांच्या मांडीवर होती. मामांनी वाचलं, "त्यानं नायकाच्या हातावर उपरणं टाकलं," आणि पाण्याचा घोट घ्यायला थांबले.

तेवढ्यात शालीचं टोक माझ्या हातावर आलं. त्याखाली मामींच्या खरखरीत हातानं माझी बोटं धरली. एक, दोन, तीन. तीन बोटं दाबली आणि सोडून दिली. मी चमकून पाहिलं, तर त्या टक लावून मामांकडे बघत होत्या.

"तीन बोटं! गुरांचा डॉक्टर!" मामा गरजले.

"अगं बाई!" मामी अशा ओरडल्या की मागच्या रांगेतलं लहान मूल रडायला लागलं. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. त्यांना पुढचं वाचता येईना. शेवटचं पान तसंच राहिलं, आणि लोक टाळ्या वाजवत राहिले.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. "मामी, कधीपासून ठाऊक होतं?"

त्यांनी गॅस बारीक केला. "चार वरसं झाली. तवा एक ओळबी लिहिली नव्हती. मी मेथी निवडायले, तर हे आले अन् धडाधडा सगळं सांगितलं, बोटांसकट. अन् दुसऱ्या दिवशी म्हणले, तुला एक गोष्ट लिहून चकित करतो. मला वाटलं, चेष्टा करायलेत. मग कळलं, सांगितलेलं ध्यानातच नाय. तवापासून एकेक निसटायलंय." त्यांनी चहा गाळायला घेतला. "म्हणून प्रेसवाल्याच्या मागं लागले. म्हणलं, ह्यांना शेवट याद हाय तवर पुस्तक हातात येऊ दे."

आम्ही ज्याला लेखकाचा विसरभोळेपणा म्हणून हसत होतो, त्याच्याशी ही बाई चार वर्षं एकटी झुंजत होती.

याला आता वर्ष होऊन गेलं. हे मी निर्धास्त लिहितोय, कारण मामा दुसऱ्याचं लिखाण वाचत नाहीत. सुरुवातीला मी गेलो की ते विचारत, "मामीला खरंच ठाऊक नव्हतं ना?" मी म्हणे, "नव्हतं, मामा," आणि ते दर वेळी नव्यानं खूश होत. गेल्या रविवारी मी दारात चपला काढत होतो, तर त्यांनी मला जवळ ओढलं. डोळे तसेच चमकत होते. "जावईबापू, एक कादंबरी सुचलीय. बैलबाजारातली. शेवटी गुरांचा डॉक्टर निघतो. पण मामीला सांगू नका हं. तिला चकित करायचंय."

आत भांड्यांचा आवाज थांबला. मामी पदराला हात पुसत दारात आल्या आणि म्हणाल्या, "काय कुजबुज चाललीय ओ सासऱ्या-जावयाची?"

मामांनी ओठ घट्ट मिटले. मी वाट पाहत राहिलो.

"काय नाय," मामा म्हणाले आणि माझ्याकडे बघून त्यांनी डोळा मारला.

"मला मेलीला कोण कशाला काय सांगतंय," मामी म्हणाल्या आणि चहा टाकायला आत वळल्या.