म्हात्रे सर आणि सॅड

म्हात्रे सर फळ्यावर नवा इंग्रजी शब्द लिहीत आणि अर्थ सांगण्याआधी विचारीत, "ह्याचं गाव कंचं?" रोह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवण्याची ही त्यांची पद्धत. सर पेणजवळच्या मिठागरात राबणाऱ्या घरातले. रंगात आले की घरची बोली सुटायची. "पावन्याला आधी पानी, मंग गाव इचारायचा, काम शेवटी. शब्द बी पावनाच."

नववीत 'सॅड' आला. आम्ही ओरडलो, "दुःखी!"

"आता," सर म्हणाले. "आधी त्याचा अर्थ होता, पोट भरलेला. 'सॅटिस्फाय'चा लांबचा चुलतभाव. पोट भरल्यावर माणूस जड होतो, मंग गंभीर. दुःखी तो सगल्यात शेवटी झाला."

"म्हणजे लग्नात जेवणारे सगळे सॅड, सर?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"वाढपी सोडून."

मी ते वहीत लिहून घेतलं. परीक्षेला आलं नाही.

लग्नानंतर मी सरांच्याच आळीत आले. ते निवृत्त झाले होते. पुढे सरांच्या बायको, आमच्या काकू, गेल्या. एकुलती मुलगी पेणला, चार दिवसांची बाळंतीण. आमच्याकडे सुतकाच्या घरी आळीतून डबे जातात. कोणी कधी द्यायचा, ही यादी मी केली. मग एका घरी अडचण निघाली म्हणून ती बदलली आणि जुन्या यादीवाल्यांना कळवायचं राहिलं. चार दिवस दुपारी दोन-दोन डबे गेले. दोन्ही रिकामे परत आले.

"बायको जाऊन आठवडा नाय झाला, न मास्तर दोन डबे साफ करतो," बायका नळावर बोलत होत्या. घोटाळा माझा, हे मला तिथेच कळलं. मी गप्प राहिले.

पाचव्या दिवशी सरांना उलट्या झाल्या. मी धावले. "दोन-दोन डबे कशाला संपवलेत, सर?"

"आला डबा का खायाचा." ते भिंतीकडे बघत होते. "भूक कलत नाय गो. पोट भरला तं ते बी कलत नाय. रडाय बी येत नाय. 'बास' ती बोलायची."

त्याच संध्याकाळी मी घरोघर जाऊन चूक सांगितली. एकीने सुनावलं, "मग इतके दिस तोंडात मिठाची गुळणी धरलेलीस काय गो?"

नंतर रोज मी समोर बसून वाढलं. दोन भाकऱ्या झाल्या की मी 'बास' म्हणायची, सर हात धुवायचे.

बारावं झाल्यावर जावई त्यांना कायमचं न्यायला आले. मी जावयांच्या हातात कागद दिला: भाकऱ्या किती, भात किती, कुठे थांबवायचं. सरांनी तो मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि माझ्यापुढे धरला.

"मावरा नाय लिवलास."

मासळी. इतक्या दिवसांत त्यांनी स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट. मी पेन शोधायला घरात पळाले.