इंगोले बाबूंची सहा हजार पावलं

सरकारी ऑफिसात फायली साचतात, तसे किस्सेही साचतात. फरक एवढाच की फायलीला कोणी हात लावत नाही, किस्सा मात्र रोज कोणीतरी उघडतं. आमच्या वाशीमच्या ऑफिसात सध्या जोर आहे तो पावलं मोजणाऱ्या घड्याळांच्या किश्श्यांचा.

सुरुवात झाली इंगोले बाबूंपासून. बाबू म्हणजे आमचे सगळ्यात जुने क्लार्क. त्यांची शुगर वाढली आणि डॉक्टरांनी बजावलं, "रोज सहा हजार पावलं चाला. तीन महिन्यांत उतरली नाही तर इन्सुलिनची सुई सुरू." बाबूंना सुईची एवढी धास्ती, की रक्तदान शिबिर लागलं की ते आदल्या दिवशीच रजा टाकतात! मुलीनं त्यांना घड्याळ आणून दिलं. त्यांना सोबत म्हणून आम्हीही घेतली.

* * *

राठोड भाऊ मानोऱ्याहून मोटरसायकलनं येतात. पहिल्याच दिवशी खुर्चीत टेकता टेकता त्यांनी मनगट पुढं केलं. साडेतीन हजार पावलं!

"काहून रे, गाडी ढकलत आला का?" बाबूंनी विचारलं.

"नाही ना बाबू. बसूनच आलो. खड्डे मोजून राह्यलं हे."

पुढं तो रस्ता दुरुस्त झाला. सगळं मानोरा खूश, राठोड भाऊ तेवढे नाराज. म्हणे, "माहा व्यायाम बंद पडला ना बाप्पा."

* * *

माझंही काही वेगळं नव्हतं. एका संध्याकाळी घड्याळ न काढताच भाकरी थापायला बसले. पाहुणे होते, चौदा भाकरी झाल्या. पाहते तर हजारावर पावलं वाढलेली. मी कौतुकानं नवऱ्याला दाखवलं.

तो शांतपणे म्हणाला, "शिरपूरले, तुह्या माहेरी पोचाले अजून किती भाकरी लागतीन?"

त्या रात्री त्याला एक भाकरी कमी वाढली.

* * *

मोठ्या साहेबांचा निरोप समारंभ झाला. भाषणं लांबली, टाळ्याही लांबल्या. शेवटी राठोड भाऊ आभार मानायला उठले आणि घड्याळ पाहून म्हणाले, "साहेबांमुळे आज बसल्या जागी दीड किलोमीटर झालं. असा साहेब पुन्हा होणे नाही."

साहेबांना ते मनापासून आवडलं.

* * *

इकडे बाबूंचा आकडा मात्र हलेना. रोज सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास चालायचे, आणि दिवसाअखेर घड्याळात नऊशे. तीन महिने सरत आले तसे ते डबासुद्धा अर्धा टाकायला लागले. आम्हाला फार वाईट वाटायचं.

राठोड भाऊ प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होते. त्यांनी उपाय सुचवला, "बाबू, तुमी बी घोटा. एका खर्ऱ्याले चारशे पावलं पडतात."

बाबू म्हणाले, "शुगर माही हाय, घड्याळाची नाही. त्याले फसवून मले काय भेटन?"

* * *

तपासणीच्या दिवशी बाबूंना धीर द्यायला त्यांच्या पत्नीसोबत, म्हणजे आमच्या वहिनींसोबत, मी आणि राठोड भाऊही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "नऊशे? बाबू, तुम्ही चाललाच नाहीत." आणि कागदावर इन्सुलिन लिहूनही टाकलं.

तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला. शुगर चांगली उतरली होती.

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. म्हणाले, "जरा चालून दाखवा."

बाबू उठले. दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधले आणि तरातरा दारापर्यंत जाऊन परत आले. तीन फेऱ्या झाल्या. घड्याळातला आकडा जागचा हलला नाही.

डॉक्टरांनी हसत हसत इन्सुलिनची ओळ खोडली. आम्हाला म्हणाले, "अहो, हात हलले तर ते मोजेल ना! दोष घड्याळाचा आहे."

"त्याचा कायचा दोष, डॉक्टरसाहेब?" वहिनी म्हणाल्या. "तीस वर्षं झाली लग्नाले, घरात यांचे हात हाललेले मले तरी कुठं दिसले!"