काशीफळाचे उंडे आणि गंगाक्काचं नाव

हुमनाबादच्या मोटार अड्ड्यासमोर हॉटेल चालवणाऱ्या चन्नप्पांनी माझ्या थोरल्या बहिणीला, गंगाक्काला, फसवलं. तिच्याकडून एक पदार्थ शिकून घेतला, मठात विभूती हातात घेऊन तिला शब्द दिला, आणि तो शब्द मोडला. गंगाक्का आता नाही. दीड महिन्यापूर्वी दुबलगुंडीला, आमच्याच शेतात, आम्ही तिला समाधी दिली. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना राग बाजूला ठेवावा, असं मला दोघातिघांनी सांगून पाहिलं. पण माझा राग अक्कावर नाही, आणि ज्याच्यावर आहे तो माणूस धडधाकट आहे, रोज सकाळी भट्टी पेटवतो आहे. म्हणून तेवढं आधी सांगून टाकलं. आता अक्काविषयी सांगतो.

निरोप आला तेव्हा मी गुलबर्ग्याच्या बाजारात तुरीचा सौदा करत होतो. आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली जातात आणि बोटं दाबून भाव ठरतो. भोवतीच्यांना काही कळत नाही. समोरच्या व्यापाऱ्याची दोन बोटं माझ्या मुठीत होती, आणि गावाकडचा गडी येऊन म्हणाला, "अण्णा, अक्का गेली." मी हात काढून घेतला. व्यापारी भला माणूस, रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "जावा तुम्ही. तूर कुठं पळून जायलीय?" गाडीत बसल्यावर मला एकच आठवत राहिलं... मी आयुष्यभर रुमालाखाली सौदे केले, अक्कानं एकही तसा केला नाही. तिचं सगळं उघड्या हातानं.

ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला, सासरच्यांनी महिन्याभरात तिला गाडीत बसवून दिलं. मी तेव्हा बाजारात पोती उचलत होतो, स्टेशनच्या बाजूला एका खोलीत राहत होतो. अक्का आली आणि चौथ्या दिवशी म्हणाली, "शिवप्पा, तू एकट्यानं ओझं उचलायचं आन् मी बसून खायचं, हे मला जमायचं न्हाई." त्याच सुमारास फरशीच्या खाणीवर एक इटलीचा साहेब आला होता. दगड कापायची यंत्रं बसवायला त्याला आणलं होतं. नाव पिएत्रो, पण सगळे त्याला पेत्रूसाहेब म्हणत. त्याला स्वयंपाकाला माणूस हवं होतं. गोऱ्याच्या घरी स्वयंपाक करायचा म्हटल्यावर आमच्या जातभाईंनी नाकं मुरडली. अक्कानं त्यांचं ऐकून घेतलं आणि साहेबाकडे गेली. ओसरीवर उभी राहून तिनं सांगितलं, "तुमचं मांसमच्छी माझ्या चुलीवर यायचं न्हाई. ते खायाचं असंल तर बाहेर दुसऱ्याकडनं करून घ्या. माझ्या चुलीवर माझ्या हातचं." साहेबाला दख्खनी थोडीफार यायची. त्यानं विचारलं, "और मैं नक्को बोला तो?" अक्का म्हणाली, "तर मी घरला जाते आन् तुम्ही उपाशी बसा." साहेब हसला आणि कबूल झाला. मी फाटकाशी उभा होतो. सौदा कसा करावा याचा पहिला धडा मी तिथं घेतला. आज अडत्या म्हणून लोक मला ओळखतात, पण शाळा ती होती.

साहेबाला त्याच्या मुलखातला एक पदार्थ फार हवा असायचा. बुटक्या, जाड्या तांदळाचा चिकट भात करायचा, त्यात कढण मुरवायचं, थंड झाला की गोळे वळून आत दूध फाडून, खारवून केलेला त्यांच्याकडचा एक पदार्थ भरायचा आणि तळायचं. त्याच्या भाषेत त्याला लहान संत्री म्हणतात, असं तो सांगायचा. त्याच्या घरी शरदात काशीफळ, म्हणजे लाल भोपळा, पिकलं की ते भातात घालत. दसरा झाला की आपल्याकडेही छपराछपरावर काशीफळं लोळत असतात, तेव्हा अक्का म्हणाली, करून बघू. पहिल्या खेपेला तेलात गोळे फुटले. दुसऱ्या खेपेलाही. साहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "अक्का, चावल धोना नक्को. धोने से सब निकल जाता." तांदळाचा चिकटपणा धुण्यात जातो आणि मग गोळा धरत नाही, असं त्याचं म्हणणं. अक्कानं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं चप्पल घालून चुलीवर पाय दिला असावा. न धुतलेला तांदूळ आमच्या घरात शिजत नाही. कितीही गरीब घर असो, तांदूळ तीन पाण्यांतून काढतातच.

मी म्हटलं, "अक्का, साहेबाच्या पोटात जायलंय, धुऊ नको. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की," ती म्हणाली.

दोन दिवस तिनं त्या पदार्थाचा विषयच काढला नाही. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर तिनं तांदूळ धुतला होता, पण पाणी ओतून दिलं नव्हतं. पहिलं धुळीचं पाणी टाकलं आणि पुढची दोन पाणी, पांढरीधोप, एका भांड्यात चुलीशेजारी ठेवली. कांदा परतला, तांदूळ परतला, आणि साहेब जिथं कढण घालायला सांगायचा तिथं ती तेच पाणी गरम करून पळीपळीनं घालू लागली. तांदळातनं गेलं ते तांदळातच परत गेलं. त्यात निखाऱ्यात भाजलेल्या काशीफळाचा गर, किसलेलं जायफळ, शेवटी दोन चमचे आंबट ताक. साहेबाच्या ट्रंकेत बोटीनं आलेला त्यांचा तोच दुधाचा वाळका पदार्थ होता, पण तो वासराच्या पोटातल्या रसानं विरजतात हे कळल्यावर तिनं ती पुडी चिमट्यानं उचलून बाहेर ठेवली होती. त्याऐवजी म्हशीच्या दुधात लिंबू पिळलं, फुटलेलं दूध फडक्यात बांधून पाट्याखाली दाबलं, मीठ लावलं आणि त्याचे तुकडे गोळ्याच्या पोटात भरले. वरून लावायला पावाचा चुरा लागतो म्हणे. पाव कुठला आणायचा? आपली कडक भाकरी खलबत्त्यात कुटली आणि गोळे त्यात लोळवले. करडईच्या तेलात ते सोडले तेव्हा मी श्वास धरून बसलो होतो. एकही फुटला नाही. रंग असा की ताटात खरंच संत्री मांडलीत असं वाटावं.

साहेबानं एक खाल्ला. मग म्हणाला, "अक्का, ये हमारे मुल्क का नहीं है." मला वाटलं झालं, गेली नोकरी. अक्का पदराला हात पुसत म्हणाली, "न्हाई तर न्हाई. माझ्या मुलखाचं आहे मग." साहेबानं ताट पुढं केलं, "और दो देव."

त्या पदार्थाला तिनं नाव दिलं काशीफळाचे उंडे. दर शरदात ते होऊ लागले आणि त्यात मलाही एक काम लागलं. आमच्याकडे बायका अख्खं काशीफळ चिरत नाहीत, पहिला घाव पुरुषानं घालायचा असतो. साहेब खाणीवर गेलेला असला की अक्का मला बोलवायची. एकदा निरोप न्यायला कुणी नव्हतं, तर ती भरल्या बाजारात काखेत काशीफळ आणि हातात विळी घेऊन आली. मी रुमालाखाली हात घालून बसलेलो. तिनं ते काशीफळ दोघांच्या मधे ठेवलं. "शिवप्पा, एवढं एक चीर आन् मग कर तुझं." समोरचा मारवाडी हसून हसून बेजार. मी चिडलो, "अक्का, कामून अशी बाजारात येतीस? माझी अब्रू?" ती म्हणाली, "तुझी अब्रू काशीफळापरीस मऊ असंल तर मला काय म्हाईत." सगळा बाजार हसला. त्या दिवशी मला भाव चांगला मिळाला; हसणारा माणूस ताणून धरत नाही.

लढाई लागली आणि इटली इंग्रजांच्या विरुद्ध गेली. पोलीस खाणीवर येऊन साहेबाला घेऊन गेले. कुठल्या तरी छावणीत ठेवणार होते. गाडी गुलबर्ग्यावरून जाणार असं कळताच अक्का डबा भरून स्टेशनवर गेली. शिपाई जवळ जाऊ देईना. तिनं डब्याचं झाकण काढून त्याला आधी एक उंडा दिला. त्यानं खाल्ला, दुसऱ्या शिपायाला बोलावलं, आणि मग दोघं बाजूला झाले. साहेबानं डबा मांडीवर घेतला. अक्का एवढंच म्हणाली, "परवापतूर टिकतेत. मग आंबतेत. ठेवू नका." पुढं त्याचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही...

अक्का दुबलगुंडीला परतली. मठाच्या दासोहाला, म्हणजे सगळ्यांना एका पंगतीत बसवून जेवू घालतात तिथं, दसऱ्यानंतर ती उंडे करू लागली. आजूबाजूच्या गावांतून माणसं येत. तिथं चन्नप्पा आले. त्यांचं हॉटेल नवं होतं, गिऱ्हाईक कमी. त्यांनी शिकवा म्हणून विनवलं. मी अक्काला बाजूला नेऊन म्हटलं, "मी बोलतो. तू गप बस, बघ मी कसा भाव काढतो."

"तू फडक्याखाली बोलतोस," ती म्हणाली. "मला सगळ्यांम्होरं बोलायचंय."

आणि मठाच्या स्वामींसमोर, म्हणजे अप्पांसमोर, आणि पंगतीसमोर, तिनं चन्नप्पांना सांगितलं की तिला काही नको. फक्त पाटीवर लिहायचं आणि तोंडानं म्हणायचं, हे गंगाक्काचे उंडे. बस्स. चन्नप्पांनी विभूती हातात घेतली, गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि कबूल केलं. मी जळफळलो. असा सौदा मी आयुष्यात केला नसता. पण पाटी लागली तेव्हा मी हुमनाबादला मुद्दाम मोटारीनं गेलो आणि उर्दू, कानडी, मराठी तिन्ही लिप्यांत माझ्या बहिणीचं नाव वाचलं. अड्ड्यावरचे ड्रायव्हर ओरडत होते, "चार अक्काचे दे रे." जिला सासरी नाव घेऊन कुणी हाक मारली नाही तिचं नाव येणारीजाणारी माणसं घेत होती. तेव्हा मला कळलं की ती माझ्याहून जास्त मागून बसली होती.

गेल्या साली अक्का आजारी पडली, तिचं गावाबाहेर जाणं थांबलं. तेवढ्यात पाटी बदलली. नवी पाटी विलायती वड्यांची. मी मोटारीतून उतरलो तो थेट गल्ल्यापाशी गेलो. चन्नप्पा गिऱ्हाइकाला सांगत होते की हा पदार्थ ते मुंबईच्या मोठ्या हॉटेलात शिकले. मागे भट्टीशेजारी पांढऱ्या पाण्याचं भांडं दिसत होतं.

मी म्हटलं, "मुंबईत शिकलाव व्हय? मग आत ते तांदळाचं पाणी कशाला राखून ठेवलंय? मुंबईतल्या साहेबांच्या हॉटेलात तांदूळ धुवून त्याचंच पाणी परत घालतेत का?"

चन्नप्पा गोरेमोरे झाले. मला आत ओढून हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, तापू नका. अक्काबद्दल मला आदर हाय. पर मोटारवाले पहाटे निघतेत. निघताना मुंड्या, नवरा मेलेल्या बाईचं नाव पाटीवर दिसलं की गाडीला अपशकुन म्हणतेत. मी काय करू? धंदा हाय."

भट्टीवरचा झारा माझ्या हाताशी होता. मी तो उचलला नाही, एवढंच सांगतो. अक्काला मी पाटीचं सांगितलं. ती खाटेवर पडून ऐकत होती. तिनं विचारलं, "उंडे फुटतेत का त्याचे?"

"न्हाई."

"मग नीट शिकवलंय मी," ती म्हणाली आणि कूस बदलली. तिला तेवढ्यात समाधान होतं. मला नाही.

तिच्या अकराव्याच्या पंगतीला चन्नप्पा आले. मोठी टोपली घेऊन आले, वर केळीचं पान. मांडवात ठेवून पाहुण्यांना म्हणाले, "आमच्या हॉटेलातले विलायती वडे आणलेत, सगळ्यांनी घ्या." दुबलगुंडीच्या बायकांनी टोपलीकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं. एका म्हातारीनं विचारलं, "हे तर गंगाक्काचे न्हवं?" चन्नप्पा पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेले. त्या दिवशी मी त्यांना काही बोललो नाही, कारण तो दिवस अक्काचा होता. पंगत नीट उठली, टोपली रिकामी झाली. कुणाच्या तरी हातचं म्हणून नव्हे, तिच्या हातचं म्हणून लोकांनी खाल्लं.

चन्नप्पा, हे तुम्ही वाचाल. तुमच्या गल्ल्यावर हा अंक येतो हे मला ठाऊक आहे. येत्या जत्रेला मठात पंगत बसेल, अप्पा असतील, मोटारवालेही असतील. मी पैसा मागणार नाही, पाटीचाही हट्ट धरणार नाही. तुम्ही उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. ज्यांनी विधवेला अशुभ मानू नका म्हणून शिकवलं त्या बसवण्णांनी दिलेलं लिंग तुम्ही गळ्यात घालता. जिच्या हातचं शिकून तुमची भट्टी रोज पेटते, जिच्या पदार्थावर तुमची लेकरं जेवतात, त्या बाईचा हात तुम्हाला चालला. मग तिचं नाव कामून चालत न्हाई?