पाणी कुठवर आलंय, हे विचारणारा

सतीश गेल्याचे कळले ते कार्यालयात, निधनवार्तांच्या मजकुरातून. संध्याकाळी गावोगावचे बातमीदार हा मजकूर पाठवतात आणि डेस्कवर तो नीट करून पानात लावायचा असतो. हुपरीहून आलेल्या मजकुरात त्याचा फोटो होता. फोटो जुना, मिशा काळ्याभोर, कॉलर कडक. नाव, वय, 'मूळचे हुपरीचे, सध्या राहणार कोल्हापूर', 'पश्चात पत्नी, मुलगी असा परिवार आहे', 'रक्षाविसर्जन उद्या सकाळी'. मोबाइल टेबलाच्या खणात होता. काढून पाहिला तर सतीशच्या पत्नीच्या, शैलावहिनींच्या, भावाचे मिस्ड कॉल होते. मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या. व्यवसायाच्या जागी 'संगणक अभियंता' एवढेच होते, ते तसेच ठेवले. पान वेळेवर गेले.

त्याला आता काही आठवडे झाले. निधनवार्तेत जे मावले नाही, ते लिहावे म्हणून हा मजकूर.

सतीश पृथ्वीगोल बनवत असे. संगणकाच्या पडद्यावर अख्खी पृथ्वी दिसते, बोटाने किंवा माउसने ती फिरवायची, हवे तिथे खाली उतरत जायचे. डोंगर, नद्या, रस्ते, त्यावर आपल्याला हवी ती माहिती रंगांनी दाखवायची. असे गोल मोठ्या कंपन्यांकडेही आहेत. सतीशच्या गोलाचा फरक असा की त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला होता. कुणीही तो वाचावा, वापरावा, बदलावा, आणि बदल चांगला असेल तर परत पाठवावा. पुण्यातली नोकरी सोडून तो कोल्हापूरला परतला, राजारामपुरीत घर घेतले, उपजीविकेसाठी साखर कारखान्यांची सॉफ्टवेअरची कामे करत राहिला आणि उरलेला सगळा वेळ गोलाला दिला. शाळेपासूनच्या ओळखीमुळे त्याच्या कामाच्या खोलीत वरचेवर जाणे होई. तो 'ये' म्हणत नसे. खुर्चीवरचे कपडे उचलून दुसरीकडे टाकी, एवढेच.

पहिल्यांदा जिल्ह्यातली गावे गोलावर मांडली तेव्हाचा प्रसंग ठळक आठवतो. त्याने आम्हा मित्रांना आणि वडिलांना मुद्दाम बोलावले होते. त्याचे वडील आप्पा हुपरीत चांदीचे कारागीर; घरातल्या कारखान्यात जन्मभर पैंजण घडवलेले. सतीशने बटण दाबले, गोल फिरला आणि हुपरी, हातकणंगले, गारगोटी ही नावे नॉर्वेच्याही उत्तरेला, बर्फाळ समुद्रात जाऊन बसली. अक्षांशाच्या जागी रेखांश पडले होते आणि रेखांशाच्या जागी अक्षांश. हे काम करणारा प्रत्येक जण एकदा तरी हे करतो, असे सतीश नंतर सांगत असे. त्या दिवशी मात्र तो नुसता माउस हलवत राहिला. आप्पा चष्मा वर करून पडद्याजवळ गेले. "ही हुपरी व्हय रं?" त्यांनी विचारले. "व्हय, पण जरा चुकलंय..." "चुकलंय न्हवं, आता पैंजणं काय आस्वलांस्नी इकायची काय आमी?" सगळे हसले, सतीशही. आप्पा पुढे कित्येक दिवस हुपरीत लोकांना सांगत होते, आपलं गाव बर्फात गेलंय, सदरे जाड शिवून घ्या.

गोलाचे खरे काम पावसाळ्यात असे. कोल्हापुरात जुलै उजाडला की माणूस माणसाला आधी पाणी किती फुटांवर आहे ते विचारतो, मग तब्येत. नदीची पातळी सरकारी यंत्रणा सांगते, ती सर्वांना कळते. पण कोणत्या गावाचा रस्ता आत्ता, या सकाळी, चालू आहे, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. सतीशने त्यासाठी गोलावर पाण्याचा एक वेगळा थर केला. चालू रस्ते हिरवे, पाण्याखालचे तांबडे. बाहेरगावच्या लोकांना वाटे की नदीकाठी जागोजागी यंत्रे बसवलेली असतील. यंत्र एकही नव्हते. नदीकाठच्या गावांतल्या दूध संस्थांचे सचिव त्याला माहिती देत. दूध संस्था पहाटेच उघडते, सचिव तिथे असतोच, आणि दुधाची गाडी येणार की नाही हे त्याला सर्वांत आधी कळते. सतीश उन्हाळ्यात या गावांतून फिरला होता. म्हसोबाची पायरी, शाळेचे फाटक, पाणंदीतला मैलाचा दगड, पाराची कड... गावकरी पाणी ज्या खुणांनी सांगतात, त्या प्रत्येक खुणेची उंची त्याने उपकरण लावून मोजून घेतली होती. पावसाळ्यात रोज सकाळी सहाला तो फोन लावी आणि एकच प्रश्न विचारी : "पाणी कुठवर आलंय?" पलीकडून 'पायरीला लागलंय' असे उत्तर आले की ती उंची गोलात जाई, आणि त्या उंचीखालचे रस्ते तांबडे होत. आमच्या पानावरची बंद रस्त्यांची चौकट भरताना आधी गोल उघडला जाई, मग सरकारी माहितीशी ताडून पाहिले जाई.

एका पावसाळ्यात एका गावाचा फोन लागला नाही. वीज गेलेली, मोबाइल बंद. रकाना रिकामा राहिला आणि गोलाने रिकाम्याचा अर्थ शून्य असा घेतला. पाणी शून्य म्हणजे रस्ता हिरवा. तो हिरवा रस्ता बघून एक टेम्पो गावाकडे निघाला आणि अर्ध्यात पाण्यात बंद पडला. माणसे बोनेटवर चढून ओरडत राहिली, गावातल्या पोरांनी दोर टाकून त्यांना काढले. त्या गावच्या संस्थेचे सचिव दत्ताआण्णा दुसऱ्या दिवशी सतीशच्या घरी आले. दारातूनच त्यांचा आवाज आला. "काय वो इंजिनेर, आमच्या रस्त्यावर गाड्या घाला म्हणून तुमास्नी कुणी सांगितलं?" सतीशने बाजू मांडली नाही. त्याने त्यांना खोलीत नेले, पडदा दाखवला, काय झाले ते सांगितले. आण्णांनी पडद्यावर आपल्या गावावर बोट ठेवले. मग म्हणाले, "पाणी न्हाय आन् पाण्याचं ठावं न्हाय, ह्यात फरक हाय की न्हाय? मग ते दिसाय नगं?" सतीशने त्याच आठवड्यात तिसरा रंग घातला. राखाडी. राखाडी म्हणजे माहीत नाही. पुढे गोलाच्या कोडवर काम करणाऱ्या परदेशातल्या सहकाऱ्यांशी त्याचे या रंगावरून वाद झाले. राखाडी ठिपक्यांनी नकाशा अपुरा दिसतो, जवळच्या गावांवरून अंदाज काढून तिथे रंग भरावा, असे त्यांचे म्हणणे होते. सतीशचे उत्तर एका ओळीचे असे. अपुरा आहे तर अपुरा दिसू दे.

त्याच सहकाऱ्यांपैकी एकाने एकदा पाण्याच्या थराचा कोड तपासताना विचारले की यातला सेन्सर कोणता. सतीशने लिहिले, दत्ताआण्णा. उलट विचारणा आली की हे 'दत्ताआण्णा' कोणती कंपनी बनवते आणि पावसात कितपत टिकते. सतीशने तो मजकूर आण्णांना फोनवर वाचून दाखवला. "सांगा की त्येला," आण्णा म्हणाले, "एक नंबर टिकतंय, फकस्त सकाळचा च्या लागतोय."

यंदा जूनच्या सुरुवातीला सतीश सकाळी रंकाळ्यावर फिरून आला, सोफ्यावर बसला आणि गेला. डॉक्टर येईपर्यंत काही उरले नव्हते. घरात रडणे फार झाले नाही. मुलगी आली, दिवस झाले, मुलगी गेली. शैलावहिनी शाळेत विज्ञान शिकवतात; शाळा सुरू होताच त्या कामावर गेल्या. भेटायला गेल्यावर त्या चहा करत आणि समोर बसून राहत. कामाच्या खोलीतला संगणक चालूच होता. तो बंद करायचे कुणाच्या लक्षात आले नव्हते, किंवा आले असेल...

मग जुलै आला, पाणी पात्राबाहेर पडले. सतीशचा मोबाइल वहिनींकडे होता. एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी जाणे झाले, तेव्हा तो वाजला. दत्ताआण्णा होते. वहिनींनी फोन स्पीकरवर टाकला.

"वैनी, राग मानू नगा. साहेब गेल्यालं ठावं हाय, मातीला आलतो की मी. पर त्येंचा नकाशा रस्ता उघडा दावतोय. हितं कमरंएवढं पाणी हाय. काल एक मोटरसायकलवाला आलाच हुता, हाळी घालून माघारी धाडला."

वहिनी खोलीत गेल्या. गोलावर सगळा नदीकाठ हिरवागार होता. गेल्या हंगामाच्या शेवटी, पाणी ओसरल्यावर, सतीशने भरलेली माहिती तशीच उभी होती. एखाद्या गावाने उत्तर दिले नाही तर ते गाव तो हाताने राखाडी करी. विचारणाराच नसेल तर काय करायचे, हे कोडमध्ये कुठेही लिहिलेले नव्हते.

परदेशातल्या सहकाऱ्यांची मेल आठवडाभर आधी आली होती. ती वहिनींनी आता वाचायला दिली. मेल अदबीने लिहिलेली होती. पाण्याच्या थरातली शेवटची माहिती सतीशच्या हातची आहे, ती आहे तशीच ठेवून तिच्याखाली त्याचे नाव कायमचे घालावे, अशी सर्वांची इच्छा होती. कुटुंबाची संमती हवी होती. वहिनींनी अजून उत्तर दिले नव्हते. खुर्चीवर सतीशचा सदरा होता, तो त्यांनी मांडीवर घेतला आणि त्या बसल्या.

"त्याच्या हातचं एवढंच राहिलंय," त्या म्हणाल्या. मग सदऱ्याची घडी घालत, "पण ते खोटं आहे आता."

इतकी वर्षे रोज सकाळी शेजारच्या स्वयंपाकघरात उभे राहून त्यांनी हे काम ऐकलेले, पाहिलेले होते. कुठे काय दाबायचे ते त्यांना विचारावे लागले नाही. एक गाव निवडायचे, 'माहिती नाही' करायचे, मग दुसरे गाव. सगळी गावे एकदम पुसण्याची सोय सतीशने ठेवली नव्हती. वरच्या अंगाच्या गावांपासून सुरुवात करून त्या नदीबरोबर खाली येत गेल्या. त्यांच्या मागोमाग हिरवा रंग जात होता. प्रत्येक गावाशी तारीख दिसे आणि पुसली जाई. त्या रडल्या नाहीत. मध्ये एकदा कुकरची शिट्टी झाली, तेव्हा उठून गॅस बंद करून आल्या. शेवटी नदीकाठ सगळा राखाडी झाला. मेलला उत्तर त्यांनी इंग्रजीत, दोन वाक्यांचे लिहिले. थर रिकामा केला आहे. नाव घालू नये.

दुसऱ्या दिवशी काय झाले ते वहिनींनी सांगितले, म्हणून लिहिता येते. सकाळी सहाला फोन वाजला. त्यांनी उचलला.

"पाणी शाळंच्या फाटकाला लागलंय," दत्ताआण्णा म्हणाले.

वहिनींनी चहाखालचा गॅस बारीक केला.

"ऐकताय न्हवं? लिवा की. फाटकाला. खालच्या बिजागरीला."

वहिनी खोलीत गेल्या आणि त्यांनी ते भरले. एक गाव तांबडे झाले. बाकीची राखाडीच होती.

"झालं," त्या म्हणाल्या.

"बरं. आन् वैनी, उद्यापास्नं फोन तुमी लावायचा. धारा काढायच्या टायमाला आमास्नी सवड नस्ती."